कोपर

इंदोऱ्याच्या चौकात, ऊन उतरल्यावर,
आई चुलीवर उपडा मटका ठेवते.
मी तिच्या मागे तेलाच्या रिकाम्या पिंपावर बसून
उद्याच्या पेपरचा वक्र काढते.
बेचाळीस डिग्रीत वहीचं पानही गरम लागतं.

आडव्या अक्षावर लांब पोळ्या,
उभ्यावर सावजी मसाला.
सरांनी गहू आणि कापड घेतलं होतं,
पण आमच्यात कापड कोणी विणत नाही.

आई तासाला तीस पोळ्या करते.
सैल कणीक मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत जाते,
परत येते, फाटत नाही,
हवेतच रुंद होऊन मटक्यावर पडते.
कुटायला बसली तर मसाला तासाला तीन किलो.

दमयंती मावशीच्या पोळ्या सहा,
त्यातल्या दोन भोकाच्या.
मसाला दोन किलो.

म्हणजे दोन्हीकडे आईच पुढे.
हे अख्ख्या चौकाला माहीत आहे,
मावशीला सगळ्यांच्या आधी.

"मंग मी कायले येऊ वं?" तिने एकदा मलाच विचारलं,
गिट्टीखदानहून दोन ऑटो बदलून आली होती.
"तुही माय दोन्ही करते नं एकटी."

तेव्हा उत्तर येत नव्हतं.
आता येतं, पाच गुणांचं:

आईने एक किलो मसाला कुटला
की दहा पोळ्या व्हायच्या राहतात.
मावशीने कुटला की तीनच.
न झालेल्या पोळ्या मोजायच्या,
त्याला संधी खर्च म्हणायचं.
(मावशीच्या न झालेल्या गोष्टी
कोणत्या अक्षावर घ्यायच्या, ते सरांनी घेतलं नाही.)

पूर्वी दोघी अर्धा तास हे, अर्धा तास ते करायच्या.
अठरा पोळ्या, अडीच किलो.
मग मावशी नुसती खलबत्त्याशी बसली
आणि आई दहा मिनिटं कुटून चुलीकडे वळली.
पंचवीस पोळ्या. मसाला तेवढाच.

सात पोळ्या आल्या कुठून?
कणीक जास्त लागली, सरपणही,
पण हात तेच चार, तास तोच.
सात जास्तीच्या पोळ्या,
वाफ निघतेय, फडक्यात गुंडाळलेल्या,
आणि त्या कोणाच्या, यावर पुस्तक गप्प.
आई चार बांधून देते.
मावशी एक परत ठेवते.
हे रोज होतं, दोघी रोज चिडतात.

दोघींच्या रेषा जोडल्या की वहीत एक कोपर तयार होतं:
तीस पोळ्या, दोन किलो, तिथे रेषा वाकते.
सर म्हणाले, खूप माणसं जोडत गेलं
की ते टोक झिजतं, बाहेर फुगलेला वक्र होतो.
उपड्या मटक्यासारखा, हे मी म्हणते.
ते म्हणाले, धनुष्यासारखा.

साडेनऊला गिऱ्हाईक थांबतं.
मावशी बेसनाने हात धुते, तीनदा,
तरी मिरची जात नाही.
"एक मले टाकू दे."
आई सरकते.
पोळी मनगटापर्यंत नीट येते,
पुढे धीर सुटतो, पडताना दुमडते,
एक कड जळते, मधे कच्ची.

आईची पोळी शंभर ग्रॅम मसाल्याला पडते.
ही पडली तीनशे तेहतीसला.
दिवसभरातली सगळ्यात महाग.

आईने टोपलीतल्या तशाच ठेवल्या,
ती ओढून घेतली, रश्श्यात बुडवली.
"कच्ची राह्यली बाप्पा," मावशी म्हणाली.
"राहू दे."

असा बिंदू वक्राच्या आत पडतो.
त्याच्याखाली 'अकार्यक्षम' लिहायचं असतं,
त्याला अर्धा गुण आहे.
मी बिंदू काढला.
पेन्सिलनेच.