चटईखाली

सोमवार, बुधवार, शुक्रवार.
पहाटे पाचला बाबाच्या दारात गाडी लावते.
मांगेरेच्या ओल्या रस्त्यावर दिवे अजून जळत असतात.
त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही,
डाव्यात मोजा मीच चढवते.
एवढं माणूस माणसासाठी करू शकतं,
माफ न करताही.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याचा हात मशीनकडे सोपवून शेजारी बसते.
तोच हात.
सावाईई बेटावरच्या आमच्या घरात
नारळाच्या हिरांचा खराटा
बायबलच्याच फळीवर असायचा,
आणि बाबा, एनेलिको, चर्चचा डीकन,
आधी ओळ वाचायचा, मग खराटा घ्यायचा.
ओळ पुरी होईपर्यंत थांबायचा.
शिस्तीचा माणूस.

मी नऊ वर्षांची. ऑक्टोबरातला मुलांचा रविवार,
पांढरा झगा, पांढरे बूट, समोर अख्खं गाव,
आणि महिनाभर घोकलेलं वचन
तिसऱ्या शब्दावर विरघळलं.
घरी आल्यावर झग्याला डाग नको म्हणून
आधी तो काढून घडी घालायला लावली.
तेव्हापासून मी अडखळते.
‘म’वर, ‘प’वर,
देवाच्या नावावर तर हमखास.
रात्री आई पाठीला खोबरेल लावायची,
म्हणायची, जीव आहे गं त्याचा तुझ्यावर.
दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, हाच तर घोळ.

आमच्याकडे एक रीत आहे.
पुढच्याच वर्षी सापोलूकाकाच्या ट्रकखाली
शेजारगावचा पोरगा गेला.
उजाडायच्या आत आमची माणसं त्यांच्या घरासमोर जाऊन बसली,
मांडी घालून, मान खाली,
अंगावर घरातली सगळ्यात जुनी, तलम चटई ओढून.
बाबाही होता त्यात.
आतले लोक दगड घेऊन येऊ शकतात,
कोयता घेऊन येऊ शकतात,
किंवा येतच नाहीत.
ऊन चढलं. चटईखालून घामाचा ओघळ निघाला.
मग पोराची आजी बाहेर आली
आणि तिनं चटई उचलली.
नीरफणसाच्या आडून मी पाहिला
बाबाचा चेहरा, रडून ओला,
एखाद्या लहान मुलाचा असावा तसा.

त्यानंतर तीस वर्षं
मी माझ्या दाराकडे डोळे लावून बसले.
कुणी आलं नाही.
लेकरांपुढे बसायची रीतच नाही आमच्यात.

पाळक म्हणतात, ख्रिस्तानं केलं, तूही कर.
मी मान डोलावते.
पण त्याला तर क्रुसावर त्याच्या बापानंच सोडलं होतं;
त्यावर नंतर दोघं काय बोलले,
ते कुणी लिहून ठेवलं नाही.
रोजच्या प्रार्थनेत आम्ही ऋण सोडतो.
सोडतो म्हणजे वही फाडत नाही,
आकडेही पुसत नाही.
वसुलीला जाणं तेवढं थांबवतो.
निदान मी तरी एवढंच समजते.

गेल्या शुक्रवारी, मशीन बंद व्हायच्या सुमाराला,
त्यानं चादर डोक्यावरून ओढून घेतली.
पूर्ण.
नर्सनं पाहिलं, पुढे गेली.
पांढऱ्या कापडाखाली श्वास वरखाली होत होता.
मी उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही.
हातात दगड नव्हता, कोयता नव्हता,
त्याचा एकुलता बूट होता.
बूट खाली ठेवला.
चादर उचलली.

“खिडकी लाव,” तो म्हणाला. “वारा येतोय.”

लावली.

परतताना गाडीत त्यानं प्रार्थना सुरू केली,
मध्येच थांबून माझ्याकडे पाहिलं: पुढचं तू.
मी ऋणाच्या शब्दापाशी अडकले.
सिग्नल हिरवा झाला. जबडा आवळलेला,
पाय ब्रेकवर, मागून हॉर्नवर हॉर्न.
बाबानं काच खाली केली,
पट्टी बांधलेला तो हात बाहेर काढला
आणि मागच्या गाडीला खूण केली:
थांब.