चार अंश

रबाळ्याच्या शेडमध्ये, कुकरच्या शिट्ट्या बनवणाऱ्या गाळ्याच्या मागे
डॉ. मार्तंड कर्णिक महिनाभर
ओल्या गोणपाटाखाली झाकलेले होते.
सकाळी मी पाणी मारायचे, संध्याकाळी पुन्हा.
माती सुकली की आधी नाक तडकतं,
विद्वानाचं असो, नगरसेवकाचं असो.

समितीचं पत्र भिंतीला टाचलेलं:
मुद्रा तेजस्वी. नजर क्षितिजापलीकडे.
चष्मा शक्यतो नको.
चष्मा मी ठेवला. मान मात्र ताठ, पत्राबरहुकूम.

मग घणसोलीहून पोशा म्हात्रे आले.
कर्णिकांच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं
काच धुतली, शिसं वाहिलं, रात्रपाळीचा चहा केला.
गोणपाट काढलं. बराच वेळ गप्प.
"यो सायेब नाय. यो फोटू हाय."

कुठे चुकलं?
त्यांनी स्वतःची मान डावीकडे टाकली, जराशी,
आतल्या खोलीत तान्हं उठलं का
याचा कानोसा घेणाऱ्या बाईसारखी.
"मशीन टिकटिक करायची.
आबालातून काय काय परतं तं मोजायची.
कागदाव आकडं येत, पन सायेब कागद बगत नसं.
डोलं मिटून आयकायचा.
चाय तशीच थंड."

मान वळवायची म्हणजे आतली सळई कापायची.
माती ऐकते. लोखंडाला कापावंच लागतं.
करवत चालवताना त्यांचं कानशील
माझ्या दंडाला टेकलं होतं, गार, ओलं.
चार अंश.
त्याहून जास्त वाकवली असती तर समितीला दिसलं असतं.

भट्टीत गेलं ते: जुन्या पंपांची बुशिंगं,
जहाजाच्या पंख्याचं एक पातं.

आता ते बेलापूरला आहेत, खाडीकडे पाठ करून,
पाटीवर जन्मसाल एकाने चुकलेलं.
डोकं आतून पोकळ.
नखाएवढ्या जागेतून मिनिटाला साधारण एक कण
वरून येतो, जातो:
काशातून, काशावरच्या कावळ्यातून,
खाली डबा उघडून बसलेल्या रखवालदारातून.
कुणाला काही होत नाही.
एवढंच मोजण्यात आयुष्य गेलं त्यांचं.

अनावरणाच्या यादीत पोशा म्हात्रे नव्हते.
नंतर एका दुपारी आले, सुनेच्या स्कूटरवर मागे बसून.
ऐकू कमी येतं आता.
चौथरा बुटका ठेवायचा हट्ट माझाच होता;
ते पुतळ्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलले
आणि थांबले,
उत्तर यायला लागतो तेवढा वेळ.

सुनेने गाडी बंद केली.