पाच मायक्रॉन

भोसरीत, जे ब्लॉकच्या मागच्या शेडमध्ये
अकरा वर्षं मी बुश तपासतो.
गेज बसला तर पास, अडला तर रिजेक्ट,
रिजेक्टवर लाल रंगाचा एक ठिपका.
त्या ठिपक्यावरून माझ्याशी कुणी वाद घालत नाही.

एरंडवण्यातल्या लॅबनं
रिपोर्ट पाकिटात घालून दिला.
संख्या : शून्य.
मी नळ स्टॉपपर्यंत चालत गेलो, परत आलो,
विचारलं, मशिन शेवटचं कॅलिब्रेट कधी केलंय?
काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, परत द्या सॅम्पल.
परत शून्य.
काका म्हणाली, तेही लक्षात राहिलं.

फाइल मात्र वृषालीच्या नावाची.
पेशंट : वृषाली पासलकर.
खाली बारीक अक्षरात मी, पती.
सुयाही तिलाच, पोटात, रोज रात्री नऊला,
फ्रीजमध्ये दह्याच्या पातेल्यामागे लपवलेल्या.
पहिल्या रात्री माझा हात थरथरला.
आण इकडे, ती म्हणाली,
तुझ्याच्यानं व्हायचं नाही.
आणि दोघंही गप्प झालो,
त्या वाक्याला नको तो फाटा फुटला म्हणून.
आधी हसली ती.

आईला काही सांगितलं नव्हतं.
आई सासवडच्या वैद्यांकडून काढा आणायची, सुनेसाठी.
ही नाक दाबून प्यायची
माझ्या वाटणीचं कडू,
आणि मी पेपरात डोकं घालून
पाणीकपातीची बातमी वाचत बसायचो.

शनिवारी सकाळी आधी तिला आत नेलं, मग मला.
कंबरेखाली बधिर.
डॉक्टर भिंगातून एकेक नळी उचकून बघत होते,
रिकामी, रिकामी, ही जरा फुगीर वाटते.
शेजारच्या खोलीत काळदाते बाई,
चार तास डोळा काचेला.
त्यांचं काम मला कळत होतं.
आमच्याकडे दोन तासांनी माणूस बदलतात,
नाहीतर नजर खोटं बोलायला लागते.

दुपारी त्या बाहेर आल्या, मान चोळत.
चार मिळाले.
त्यातल्या एकाची शेपटी हलतेय.

एवढ्याशा लॉटवर
मी कधी सही केली नसती.

सुई केवढी असते हो, मी विचारलं.
आतून पाच मायक्रॉन.
तुमच्याकडे करतात का एवढं बारीक?
नाही बाई. आमच्याकडे पाच मायक्रॉन म्हणजे चूक.
तेवढी आम्ही माफ करतो.

संध्याकाळी घरी दोघंही आडवे.
बाहेरचं काहीबाही खाल्लं असणार, हा आईचा अंदाज.
काढ्याची वाटी घेऊन आली ती.
मी हात पुढे केला.
अरे, ते तिचं आहे.
नाही आई. माझं आहे ते. पहिल्यापासून.

वृषालीनं भिंतीकडे कूस बदलली.
आई बराच वेळ उभी राहिली, वाटी घेऊन, दारात.
मग माझ्या हातात देत म्हणाली,
गरम आहे, सांभाळून.
आत जाऊन भांडी आपटली थोडी.

उद्या नऊला लॅबमधून फोन येईल,
चारातले किती रुजले.
मी मोबाइल चार्जिंगला लावलाय,
रेंज खिडकीशी चांगली येते.
वृषालीला झोप लागलीय.
जिभेवरचं कडू अजून गेलेलं नाही.