साठ अंशांवर एक तास

काल फ्लास्कच्या आतल्या भिंतीवर
चरबीचा पापुद्रा धरला होता,
सायीहून पातळ, उजेडात जरा निळसर.
कोमट पाणी घातलं. तो आपसूक सुटला,
वळला, स्वतःच्या कडा स्वतः शिवून मिटला.
कोट्यवधी पोकळ थेंब, पोटात औषध.
माझं काम फ्लास्क फिरवण्यापुरतं.

आज त्यांच्या अंगावर खूण चढवायची.
खूण म्हणजे फोलेट, आपल्या पालकातलं, मेथीतलं;
काही गाठींच्या पेशी त्याला हपापलेल्या असतात,
दारं सताड टाकून बसतात.

पहिलं वर्ष मी ते चिकटवण्यात घालवलं.
रसायनाचे टाके. निम्मे थेंब गळले,
उरलेल्यांच्या गुठळ्या.
पेरिनबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
"थेंबाला कशाला छळतेस? खुणेला शेपटी लाव."

शेपटी म्हणजे चरबीचे दोन धागे.
त्यांना पाणी सोसत नाही.
पाण्यात सोडल्या की आधी एकमेकींना बिलगतात,
शेपट्या आत, तोंडं बाहेर,
लग्नघरी अनोळखी बायका
कोपऱ्यात गोल करून बसाव्यात तशा.
मग ऊब लागते. थेंबांच्या भिंती सैलावतात.
एकेक शेपटी उठते, जवळची भिंत चाचपते, शिरते.
खूण बाहेर डोलत राहते, लांब दोरीवर.
कुणी ओढलं नाही, कुणी ढकललं नाही.
पाण्याचा नकोसेपणा, एवढाच काय तो कामाला आला.

चौथ्या मजल्यावरून परळचा फुटपाथ दिसतो:
चटई, स्टोव्ह, एक्स-रेचं पाकीट उशाला.
दुपारी खाली उतरले तर एक गृहस्थ, हातात केसपेपर,
"ताई, बत्तीस नंबर कुठं?"
मी बोट दाखवलं. ते उलटीकडेच गेले.
घाडीगावकर धावले,
दंडाला धरून दारापर्यंत सोडून आले.

पावणेसहा. यंत्र म्हणतं,
आधी एकशे चार नॅनोमीटर, आता एकशे दहा.
सहाचा फरक.
मागाहून नळीतून पिवळं पाणी उतरलं,
भिंतीत न शिरलेल्यांचं.
दहातल्या दोन, कदाचित तीन.
वहीत तीन लिहिलं.

उंदरापर्यंत पोचायलाच अजून वर्ष.
घाडीगावकर विचारतात, "गरम पाणी बंद करू?"
थांबा जरा, म्हणते. उगाच.
आत आता काहीच नाही,
नुसती वाफ झाकणाला धरते आहे,
थेंब थेंब होऊन.