नाही म्हणायला

क्लायपेडाच्या जुन्या धक्क्यावर
फेरीच्या तिकिटांची एक खिडकी आहे.
तिच्यासाठी एकशे एकेचाळीस अर्ज आले होते.
खुर्ची एकच, तीही डावीकडे कललेली.
त्या खुर्चीत आता मी बसते.

बाकीचे एकशे चाळीस
माझ्या पायाशी, बुटांच्या खोक्यात,
हीटरला लागून, म्हणून कागद जरा वाकलेत.
कुणी फेकले नाहीत.
फेकायचं तरी कुणीतरी ठरवावं लागतं.

पहिल्याच आठवड्यात मी यादविगाबाईंना विचारलं,
ह्यांना कळवायचं ना?
चष्मा पुसत त्या म्हणाल्या,
कळतं त्यांचं त्यांना.
एका वर्षी कळवलं होतं मी सगळ्यांना.
एकाने उलट लिहिलं, का नाही?
मी कारण दिलं.
त्याने त्या कारणातली चूक दाखवली.
सतरा पत्रं झाली.
सतराव्यात त्याने नुसत्या नाताळच्या शुभेच्छा दिल्या,
आणि मला इथे, ह्याच टेबलावर, रडू फुटलं.
तेव्हापासून आपण गप्प.

मला हसू आलं नाही.
एकशे चाळीस वेळा तोच शब्द लिहायचा
तर हात भरून येणारच.

पण मीही तीन हिवाळे अर्ज केलेत.
बेकरी, ग्रंथालय, बंदरातलं वजनकाट्याचं ऑफिस,
एक दातांचा दवाखाना
(मला दातांची भीती वाटते हे लिहिलं नव्हतं).
सव्वीस अर्ज.
नाही म्हणायला एक उत्तर आलं:
‘प्रिय विल्हेल्मिना, आम्हाला खेद वाटतो.’
माझं नाव विल्हेल्मिना नाही.
नकार तिला होता,
तरी त्या रात्री मी गाढ झोपले.
ते पत्र अजून आहे माझ्याकडे.

फेब्रुवारीत, खाडीवर पातळ बर्फ असताना,
एक माणूस खिडकीशी आला.
पन्नाशी उलटलेली. चर्चच्या दारात टोपी काढावी
तसे त्याने हातमोजे काढले.
मी रिमविदास. ऑक्टोबरात अर्ज दिला होता.
मी मनात म्हटलं, आता हा भांडणार.

तो म्हणाला, शिलुतेला मासे धुरवायच्या शेडमध्ये
काम मिळतंय.
पण गेनोवाइते म्हणते, आधी इथलं कळू दे.
भांडी घासताना ती फोन शेजारी ठेवते,
नळ बारीक सोडते, वाजला तर ऐकू यावा म्हणून.
ते लोक शुक्रवारपर्यंत थांबतील.
तुम्ही तेवढं नाही म्हणा,
म्हणजे मला हो म्हणता येईल.

मी खोकं ओढलं.
त्याचा कागद तळाशी होता.
तेहतीस वर्षं क्रेन. जर्मन येतं, थोडं पोलिश.
अक्षर असं, की रेघा न आखता ओळी सरळ.
माझ्या अर्जात खाडाखोड होती.

नाही, मी म्हणाले.
ती जागा मला मिळाली.

काचेवर माझ्या तोंडची वाफ जमली,
तिच्यामागे क्षणभर तो दिसेनासा झाला.
मग आवाज आला, बरं झालं,
आणि त्यात कडू काही नव्हतं, मी शोधलं तरी.

त्याने पलीकडचं तिकीट मागितलं, परतीसकट.
म्हणे, घरी सांगायच्या आधी
जरा पाण्यावरून जाऊन येतो.
सुट्टे मोजले, आणि वीस सेंट
काचेखालून मागे सरकवले.
तुम्ही जास्त दिलेत.

यादविगाबाई, तुमचंही बरोबर असेल.
उद्या कुणी विचारेल, का नाही,
आणि माझ्याकडे खरं कारण नसेल.
मला का मिळाली, हे तरी कुठे माहीत आहे?

शेवटची फेरी गेल्यावर मी खिडकी लावली.
खोक्यातला वरचा कागद घेतला.
‘प्रिय’ लिहिलं.
मग नाव.
नाव दोनदा ताडून पाहिलं.