रुतलेला दिवस

आर्लो टॉर्गरसनने नकाशा पाहिला,
चष्मा पुसून पुन्हा पाहिला.
"म्हणजे मुद्दाम बिघडवायचं?"
हो, म्हटलं. इथे गुडघाभर, तिथे घोट्याएवढं,
आणि त्या कोपऱ्यात
बुलडोझरला ढेकर येईल तिथे माती सांडू द्या.

चाळीस वर्षं त्याने पश्चिम मिनेसोटातली शेतं
पोळपाटासारखी केली.
लेझरचा लाल ठिपका, अर्ध्या इंचाचा वाद नाही.
खाली बापाने पुरलेल्या भाजक्या मातीच्या नळ्या:
डबकं दिसलं की त्याचं पाणी नदीला पोचतं करायचं.
मग मका, सोयाबीन, मका,
एका उंचीचा, एकाच आठवड्यात पिवळा पडणारा.

त्याच्या कितीतरी आधी इथून बर्फ गेला.
जाताना स्वतःचे तुकडे जागोजाग विसरला,
ते वितळले, खळगे उरले,
खळग्यांत आभाळ साचलं, बदकं उतरली.
कुणी आखलं नव्हतं.
आता आखायचं माझ्याकडे आलंय
आणि माझ्या हातात मोजपट्टी, हाच घोळ.

पहिल्या आठवड्यात आर्लोचे सगळे खळगे
एकसारखे निघाले,
पंगतीत मांडलेल्या वाट्या जशा.
"हात ऐकत नाही," म्हणाला.
मग नातवाला बसवलं केबिनमध्ये, सॉरेनला,
सोळा वर्षांचा, सरळ रेघ म्हणून येत नाही.
त्याने दुपारपर्यंत मशीन गळ्यापर्यंत रुतवलं.
ओढून काढायला दोन ट्रॅक्टर, आणि शिव्या नॉर्वेजियनमध्ये.

बी आम्ही सगळीकडे एकच फेकलं.
कुठे काय रुजायचं ते उतारांनी ठरवलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात पाऊस आला नाही.
टेकाडावरचं गवत मुळं धरून पडून राहिलं,
माझे नकाशातले खळगे तडकले,
एकूण एक.
सॉरेनच्या खड्ड्यात मात्र
परातभर पाणी होतं, गढूळ,
आणि काठाच्या चिखलात नखाएवढे बेडूक.

एप्रिलमध्ये सगळं भरलं तेव्हा
तिथूनच आवाज सुरू झाला,
कंगव्याच्या दातांवरून कुणी अंगठा फिरवावा तसा.
दुसऱ्या खळग्यातून उत्तर यायला
आठ दिवस लागले.
आर्लो घडीची खुर्ची घेऊन येतो, बसतो,
बोलत नाही.

बिलात त्याने तो रुतलेला दिवस धरला नव्हता.
मी धरला. ट्रॅक्टरांसकट.