दवाखान्याची चप्पल

मेयोच्या लॅबच्या दाराशी
फुलवंता मरसकोल्हे चप्पल काढते.
राहू द्या, म्हणतो मी.
"नाही जी, फरशी पुसून हाय न."

हिमोग्लोबिन पाच पॉइंट दोन.
नखं कागदासारखी.
कधीकधी माती खावीशी वाटते
हे ती नवऱ्याला नाही, मला सांगते,
काचपट्टीकडे बघत.

भिंगाखाली अंडी. पातळ कवच,
आत चार पेशी, शांत.

पारडीपलीकडे नाग नदीच्या पाण्यावर
पालकाचे वाफे, ओली सावली,
बांधाआड सगळ्यांचंच पहाटेचं बसणं.
तिथेच केसाहून बारीक अळी
बोटांच्या बेचक्यात शिरली असणार.
"खाजवत होतं. चिखल्या समजून मेंदी लावली."

मग रक्तातून फुप्फुसं, खोकला,
एक आवंढा,
आणि आतड्याला आकडा.
तो आवंढा तिचाच होता,
हे मी सांगत नाही.

गोळी समोरच्या खिडकीवर मिळेल.
वाफ्यात चप्पल घालून जात जा.
ती हसली, पहिल्यांदाच.
"रुतते न बाप्पा चिखलात.
अन् पिकात कोणी चप्पल घालून जाते का?"

बाहेर जाऊन तिनं पाय सरकवले.
दवाखान्यापुरतीच ठेवलेली जोडी,
टाचेवर अजून किमतीचा कागद.